कोल्लेरूकाठची पहाट

विजयवाड्याहून भीमावरमच्या गाडीने कैकलूरला उतरलात, तर भातखाचरांच्या जोडीला जिकडे तिकडे तळीच तळी दिसतील. आंध्रातले कोल्लेरू सरोवर इथून जवळच. सरोवराच्या अभयारण्यात घुसलेली पुष्कळ तळी सरकारने २००६ साली फोडली. बाहेरच्या तळ्यांतले रोहू-कटला आजही बर्फात भरून थेट कोलकात्यापर्यंत जातात.

मी तिथे गेलो तो मनात एक सल घेऊन. आमच्याकडच्या एका शेतकऱ्याला शेततळ्यात मासे सोडायला मीच सांगितले होते. शेणखत टाका, पाणी हिरवे होऊ द्या, हेही माझेच बोल. श्रावणात तीन दिवस सूर्य दिसला नाही. चौथ्या सकाळी सगळे मासे उताणे तरंगत होते. घरधनीण म्हणाली, "साहेब, कुणी विष घातलं का हो?" तिचा संशय शेजाऱ्यावर होता. मी गप्प राहिलो.

कैकलूरला पहाटे चारला एका तळ्यावर गेलो. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करीत होते. मालकाने एरेटर सुरू केला. चाके फिरली, पाणी उडाले, आणि थोड्या वेळाने मासे खाली गेले.

त्याचे असे आहे. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. उन्हाळी पाण्यात मात्र जेमतेम साडेसात विरघळतो. माशांना पाच तरी हवा. हिरवे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्री स्वतःच तो घेते. कुजणारे शेणही तोच खाते. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी, आणि ढगाळ दिवसांत तर तूट भरूनच निघत नाही. पाणी जितके उडेल, तितकी हवा त्याला लागते, एवढेच त्या चाकांचे काम.

एरेटर नसेल तर पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून फवारत परत तळ्यात सोडा. विहिरीचे पाणीही उंचावरूनच पाडा, कारण त्यात मुळातच प्राणवायू कमी असतो. आभाळ भरले की शेण आणि खाद्य बंद ठेवा.

परतल्यावर मी आधी त्या घरी गेलो. "विष कुणी घातलं नाही, चूक माझ्या सल्ल्याची," असे शेजाऱ्याच्या देखत सांगितले. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी पुन्हा बोटुकली सोडली.

रात्री गोठ्यात एक फेरी मारता ना? तशीच पहाटे तळ्यावर मारा.