वीस टक्क्यांची गंमत

३१ ऑगस्ट २०२१. एप्रिल ते जून तिमाहीचा जीडीपी आला, वाढ चक्क २०.१ टक्के! त्याच दिवशी सेन्सेक्स पहिल्यांदाच ५७,०००च्या वर. झालं! रात्री ऑफिसातल्या मित्राचा फोन, "बॉस, बहिणीच्या लग्नाचे पैसे एफडीत नुसते पडलेत. मोडून शेअर्समध्ये टाकू?"

म्हटलं, थांब, आधी हिशोब कर. २०१९ची तीच तिमाही शंभर रुपये धर. २०२०मध्ये लॉकडाऊन, २३.९ टक्के घसरण. उरले ७६. त्यात वीस टक्के मिळव. किती? ९१! एवढी उडी मारूनही आपण दोन वर्षांपूर्वीच्या खालीच. टीव्हीवाले याला 'बेस इफेक्ट' म्हणतात, तेही घाईघाईत, ब्रेकच्या आधी.

"मग सेन्सेक्स का पळतोय?" प्रश्न रास्त होता. जीडीपी सांगतो सरलेल्या तिमाहीचं. बाजार बोली लावतो पुढच्या कमाईवर. २३ मार्च २०२०ला सेन्सेक्स २५,९८१वर आपटला होता. उणे २३.९चा आकडा जाहीर झाला ऑगस्टअखेर, तोवर स्वारी ३८,०००च्या पुढे! शिवाय सेन्सेक्स म्हणजे तीस बड्या कंपन्या. आपला कोपऱ्यावरचा पोळीभाजीवाला त्यात कुठे?

आणि लग्न सहा महिन्यांवर. पुढची कमाई बघायला बाजाराकडे वेळ असतो, हॉलवाल्याकडे नसतो.

त्यानं एफडी ठेवली. एसआयपी तेवढी पाचशेनं वाढवली, त्याला माझी ना नव्हती.

२४ फेब्रुवारी २०२२ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला, सेन्सेक्स एका दिवसात २,७०२ अंकांनी खाली. मित्र त्या दुपारी केटररशी जिलेबी की बासुंदी यावर हुज्जत घालत होता.