परीक्षा रिकाम्या पिकअपची

संपादकांनी फोनवर विषय एका वाक्यात सांगितला: अमेरिकेत आता नव्या पिकअपमध्ये आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सगळ्यांनाच मिळते, त्याबद्दल लिहा, पण आकडेमोड नको. मी मिशिगनमध्ये ब्रेकच्याच क्षेत्रात काम करते आणि बरीच वर्षं या यंत्रणेच्या कॅलिब्रेशनमध्ये आहे. आकडेमोड पूर्ण टाळून हा विषय सांगता येणार नाही. थोडी करावी लागेल, ती वाचकांनी गोड मानून घ्यावी.

आधी पिकअपविषयी. आपल्याकडे पिकअप म्हटलं की टोमॅटोचे क्रेट रचून नारायणगावच्या बाजाराकडे निघालेली गाडी डोळ्यांसमोर येते. इथलं चित्र वेगळं आहे. फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून अमेरिकेतला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे. सुतार, प्लंबर, शेतकरी तर पिकअप वापरतातच. पण मुलांना शाळेत सोडायला, किराणा आणायला, सुट्टीत बोट ओढत तळ्यावर न्यायलाही घराघरांत तीच असते. रिकामं वजन दोन-अडीच टन, बॉनेट माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच. अशी गाडी वेळेवर थांबणं ही चैनीची गोष्ट असू शकत नाही.

तरीही बराच काळ ती चैनीचीच होती. मार्च २०१६ मध्ये वीस वाहन कंपन्यांनी स्वखुशीने कबूल केलं, की सप्टेंबर २०२२ पर्यंत आपल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत आपत्कालीन ब्रेक आपोआप लावणारी यंत्रणा बसवू. तिला आम्ही एईबी म्हणतो. जास्त वजनाच्या गाड्यांना आणखी तीन वर्षांची सवलत मिळाली. छोट्या मोटारींत एईबी आधी आली, पिकअप मागे राहिल्या. टोयोटाने २०१८ च्या टाकोमामध्ये ती सरसकट दिली, शेवरोलेने सिल्व्हराडो १५०० मध्ये २०२२ ला. तोवर अनेक पिकअपमध्ये ती महागड्या पॅकेजसोबतच मिळायची. म्हणजे चामड्याच्या सीट घेणाऱ्याला मिळायची आणि ठेकेदाराने कामगारांसाठी घेतलेल्या साध्या ट्रकला नाही. दिवसभर रस्त्यावर असतो तो मात्र हा साधा ट्रक. याचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

ही यंत्रणा काम करते का, असं मला प्रत्येक समारंभात विचारलं जातं. करते. महामार्ग सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने पिकअपचे अपघात तपासले तेव्हा एईबी असलेल्या पिकअप पुढच्या गाडीला मागून धडकण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी निघालं. ब्रेकच्या धंद्यात एवढा मोठा आकडा क्वचित हाती लागतो. ज्यांनी ही यंत्रणा घडवली त्यांत माझे सहकारी आहेत, हिंजवडीत रात्री उशिरापर्यंत आमच्याशी कॉलवर असणारी मुलं-मुली आहेत. या आकड्याचा मला अभिमान आहे.

आता थोडं तांत्रिक. विंडशील्डच्या आत, आरशामागे एक कॅमेरा असतो आणि पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमागे ७७ गिगाहर्ट्‌झवर चालणारा रडार. अंतर आणि वेग रडारला चांगले कळतात. समोरची वस्तू काय आहे हे कॅमेऱ्याला जास्त चांगलं कळतं. दोघांची साक्ष जुळली की संगणक हिशोब करतो, की याच वेगाने गेलो तर धडकायला किती सेकंद उरलेत. उरलेला वेळ ठरावीक मर्यादेखाली गेला की आधी इशारा, मग ब्रेक. माणूस रस्त्यावर किती दूर उभा आहे हे ठरवताना कॅमेरा त्याचे पाय जमिनीला कुठे टेकलेत ते पाहतो. पाय चित्रात जितके खाली, तितका माणूस जवळ. हे गणित कॅमेऱ्याच्या कोनावर उभं आहे, आणि पिकअपची खरी अडचण इथेच सुरू होते.

आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका तरुणाचं प्रकरण माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्याने हौसेने पिकअप घेतली. रिकामी पिकअप मागून थोडी उंच असते. हौद्यात माल भरला की ती समतल व्हावी म्हणून कंपनीनेच ती तशी ठेवलेली असते. त्याला ते दिसायला आवडेना. एका गॅरेजमधून त्याने पुढची बाजू दोन इंच वर घेतली. इथे हा फार लोकप्रिय प्रकार आहे. थोड्याच दिवसांत गाडी महामार्गावर पुलाखालून जाताना विनाकारण ब्रेक मारू लागली. मागे वेगात ट्रक येत असताना असं होणं भीतिदायक असतं, त्याच्या घाबरण्यात काही चूक नव्हती. त्याने उपाय काढला: रोज सकाळी गाडी सुरू केली की आधी एईबी बंद. मग एके दिवशी सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीवर त्याची पिकअप मागून आदळली. सुदैवाने कुणाला लागलं नाही. पण पुढे मंडळाच्या जेवणात तो मला म्हणाला, "ताई, तुमची ही यंत्रणा बोगस आहे."

जेवण झाल्यावर मी त्याच्यासोबत पार्किंगमध्ये गेले. टेप घेऊन चारही चाकांच्या कमानींची उंची मोजली. या पिकअपच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे ३.७ मीटर अंतर. पुढची बाजू दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर उचलली की गाडीचं नाक पाऊण अंशाने वर होतं. कॅमेरा जमिनीपासून १.७ मीटरवर आहे असं धरलं तर साठ मीटरवर उभ्या माणसाचे पाय क्षितिजापासून फक्त १.६ अंश खाली दिसतात. त्यात पाऊण अंशाची चूक मिसळली की तोच माणूस चाळीसेक मीटरवर भासतो. रडारचा उभा झोतही तेवढाच वर जातो आणि पुलाच्या पोलादाकडे पाहू लागतो. सॉफ्टवेअर स्वतःचा कोन तपासत राहतं आणि लहान चुका दुरुस्तही करतं. पण त्या दुरुस्तीला मर्यादा असते. गाडीच्या जाडजूड पुस्तिकेत उंची बदलू नका असं छापलेलं होतं. गॅरेजवाल्याने त्याला एक शब्द सांगितला नव्हता.

लोकांच्या मनात दोनच चित्रं असतात. एक, गाडी स्वतः चालते, आपण फोन पाहू शकतो. दुसरं, हे सगळं कंपन्यांचं थोतांड आहे. एईबी ही शेवटच्या दोन सेकंदांची सोय आहे आणि तिच्यावर विसंबून कुणी गाडी चालवायची नसते, हे सांगून सांगून माझा आवाज बसला आहे.

आता ज्या वादावर इथे आमच्या क्षेत्रातली माणसं तासन्‌तास भांडतात, त्याकडे येते. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाने, म्हणजे एनएचटीएसएने, एईबी सक्तीची केली. सप्टेंबर २०२९ पासून ४,५३६ किलोपर्यंत एकूण वजनक्षमता असलेल्या प्रत्येक नव्या मोटारीला आणि हलक्या ट्रकला ती लागेल. नियम कडक आहे. ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगापर्यंत पुढच्या गाडीला स्पर्शही न होता थांबायचं. पादचारी ओळखायचा, तोही अंधारात. दरवर्षी किमान ३६० जीव वाचतील, असा प्रशासनाचा अंदाज. कंपन्यांच्या संघटनेने, अलायन्स फॉर ऑटोमोटिव्ह इनोव्हेशनने, आजच्या तंत्रज्ञानाने हे व्यवहारात शक्य नाही असं म्हटलं आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टात धाव घेतली.

संघटनेचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. कोरड्या रस्त्यावर उत्तम ब्रेक लागले तरी थांबायला ४४ मीटर लागतात. ओळखायला आणि ब्रेकचा दाब चढायला अर्धा सेकंद धरा, आणखी १४ मीटर. म्हणजे धडकेच्या दोन सेकंद आधीच निर्णय घ्यायला हवा. त्या क्षणी कित्येक चालक शांतपणे लेन बदलण्याच्या बेतात असतात. त्यांना धडकायचं नसतंच, आणि यंत्र मात्र करकचून ब्रेक मारतं. असं दोनदा झालं की माणूस यंत्रणा बंद करतो. मंडळातल्या त्या मुलाने तेच केलं होतं, कारण वेगळं असलं तरी.

तरीही मी नियमाच्या बाजूने आहे. प्रशासनाच्या चाचण्यांत पुढच्या गाडीसमोरची परीक्षा एका टोयोटा कोरोला हायब्रिडने पार केली होती. साध्या घरगुती मोटारीला जे जमतं ते लाखभर डॉलरच्या पिकअपला कधीच जमणार नाही, हे मी एक ब्रेक इंजिनिअर म्हणून मान्य करणार नाही. वेळ लागेल, पैसे लागतील. स्वखुशीच्या वचनावर सोडलं असतं तर साधा ट्रक पुन्हा शेवटी राहिला असता.

माझी तक्रार वेगळी आहे आणि तिच्यावर दोन्ही बाजू गप्प आहेत. नियमातल्या चाचणीत गाडीवर चालक आणि उपकरणं धरून जास्तीत जास्त २७७ किलो वजन असतं. मागे ट्रेलर नसतो. मोटारीसाठी हे ठीक आहे, पण पिकअप घ्यायचीच मुळी ओझं वाहायला. हौद्यात सातशे किलो विटा टाकल्या की मागची बाजू बसते, नाक वर होतं, कॅमेऱ्याचा कोन बदलतो. मागे तीन टनांचा घोड्यांचा ट्रेलर जोडला की थांबायचं अंतर ट्रेलरच्या ब्रेकवर अवलंबून राहतं. ते ब्रेक मालकाने शेवटचे कधी तपासले हे आमच्या संगणकाला कळायला मार्ग नाही. म्हणजे आपण पिकअपची परीक्षा घेतो ती रिकामी असताना, आणि पास झाली म्हणून तिच्यावर भरोसा ठेवतो ती भरलेली असताना. शिवाय ४,५३६ किलोच्या रेषेपलीकडच्या, मागे जोडचाकं असलेल्या दणकट पिकअप या नियमात येतच नाहीत.

आणि रात्र. अमेरिकेत २००९ मध्ये सुमारे ४,१०० पादचारी वाहनांखाली मेले. २०२२ मध्ये साडेसात हजारांहून जास्त. यातले सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू अंधारातले. आयआयएचएसच्या २०२२ च्या अभ्यासात पादचारी ओळखणाऱ्या एईबीने असे अपघात एकूण २७ टक्क्यांनी कमी केले. पण दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर फरक दिसलाच नाही. त्याच संस्थेने २०२३ मध्ये दाखवलं, की ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांखाली पादचारी मरण्याची शक्यता, उतरत्या आणि ३० इंचांपर्यंतच्या बॉनेटपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. मोठ्या पिकअप बहुतेक या उंच बॉनेटच्या गटात मोडतात. जिची धडक सर्वांत घातक, तिची यंत्रणा अंधारात सर्वांत भरवशाची असायला हवी.

रात्रीच्या चाचण्या मी ट्रॅकवर उभं राहून पाहिल्या आहेत. काळी पँट घातलेला पुतळा पट्ट्यावरून रस्ता ओलांडतो. त्याचे पाय कमरेपासून पुढे-मागे हलतात, कारण चालत्या पायांच्या हालचालीवरून रडारला हा खांब नसून माणूस आहे हे कळतं. लो बीमचा उजेड आधी बुटांवर पडतो, मग गुडघ्यांवर. धड अंधारातच असतं. त्या अर्ध्या माणसावरून कॅमेऱ्याने निर्णय घ्यायचा असतो. पिकअप थांबते तेव्हा ट्रॅकवर टायरचा जळका वास पसरतो आणि सगळे जण पुतळा आणि बंपर यांच्यात किती जागा उरली ते पाहायला धावतात. गेल्या काही वर्षांत ही जागा वाढत गेली आहे. इन्फ्रारेड कॅमेऱ्याने ती आणखी वाढेल, असं माझं मत आहे. त्याचा खर्च फार वाटतो म्हणणाऱ्यांनी वर दिलेला पादचाऱ्यांचा आकडा पुन्हा वाचावा.

नियम लिहिणाऱ्यांकडे माझी मागणी एकच: चाचणीच्या पिकअपच्या हौद्यात तिच्या क्षमतेएवढं वजन भरा, मागे ट्रेलर जोडा आणि मग पास-नापास ठरवा.

आणि वाचकांना एक सांगणं. ही यंत्रणा असलेल्या गाड्या आता पुण्या-मुंबईतही सर्रास विकल्या जातात, आणि कॅमेऱ्याचं गणित सगळीकडे सारखंच आहे. विंडशील्ड बदललीत तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घ्या आणि त्याची लेखी नोंद मागा. गाडीची उंची आणि टायरचा आकार बदलू नका. पुढच्या जाळीवर क्रॅशगार्ड बसवू नका, त्यामागे रडार असू शकतो. यंत्रणा विनाकारण ब्रेक मारत असेल तर ती बंद करून गाडी चालवत राहू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये न्या आणि कारण सापडेपर्यंत गाडी परत घेऊ नका.