होशरुबाचा शेवटचा भाग

आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांत मुलांचे वाचन चांदोबापासून सुरू झाले. माझेही तसेच झाले. पण इंदापूरच्या आजोळी आणखी एक दुनिया होती, ती म्हणजे ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. मुलांसाठी सोप्या उर्दूत केलेले तिचे छोटे भाग मामूंकडे होते. मामू साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत रात्री गच्चीवर अंथरुणे पडली की ते कंदिलाच्या उजेडात वाचायचे. जादूगारांचा बादशाह अफरासियाब, त्याचा तिलिस्म मोडायला निघालेला असद आणि आम्हा सगळ्यांचा लाडका अमर अय्यार! त्याच्या जंबीलमध्ये, म्हणजे झोळीत, अख्खे जग मावायचे. सुट्टी संपून बारामतीला परतताना गोष्ट अर्धवट राहायची. ती स्वतः वाचता यावी म्हणून मी उर्दू शिकले. शेवटचे भाग मात्र मामूंना कधी मिळालेच नाहीत.

पुढे बी.एड. करताना कळले की आम्ही वाचत होतो ते समुद्रातले ओंजळभर पाणी होते. मूळ होशरुबाचे सात भाग. त्यातला पहिला 1883 मध्ये लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्यात छापला गेला. पहिले चार भाग मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले, पुढचे अहमद हुसेन कमर यांनी. अमीर हमजाची संपूर्ण दास्तान तर 46 खंडांची. कुरआन शरीफ छापणारा आणि ही दास्तान घरोघरी पोहोचवणारा छापखाना एका हिंदू गृहस्थाचा होता, हे मी वर्गात आवर्जून सांगते. त्याच्याही तीनशे वर्षे आधी अकबर बादशाहाने हमजाच्या गोष्टींची सुमारे 1400 चित्रे कापडावर काढून घेतली होती.

काही जण विचारतात, “बाजी, जादूटोण्याच्या गोष्टी मुलांना कशाला?” प्रश्न रास्त आहे. हजरत हमजा (रजि.) यांचे चरित्र वेगळे आणि ही कल्पनेतली दास्तान वेगळी, हे मुलांना आधी स्पष्ट सांगावे. मग त्यांना हेही दिसेल की या गोष्टीत जादूगार शेवटी हरतात. असदकडे हिंमत असते, अमरकडे अक्कल. आणि प्रत्येक तिलिस्म बांधला जातो तेव्हाच तो कोणाच्या हातून मोडणार हेही ठरलेले असते. कितीही मोठी सत्ता असो, तिचा शेवट तिच्यासोबतच जन्माला येतो. मुलांना याहून सोप्या शब्दांत हे कसे शिकवायचे?

काही वर्षांपूर्वी ‘रेख्ता’च्या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्या वाचायला मिळाल्या. तोवर मामूंची नजर गेली होती. मोतीबिंदू काढला, पण काचबिंदूने डोळे घेतले. मग रविवारी एस.टी.ने इंदापूर गाठायचे, मोबाईलवर अक्षर मोठे करायचे आणि मी वाचायचे, असा नेम झाला. सगळे वाचणे शक्य नव्हते. आठवडाभर मी पुढचे वाचून ठेवायची, मधला भाग तोंडी सांगायची आणि रंगतदार प्रसंग मोठ्याने वाचायची. कठीण फारसी शब्दांवर मी अडखळले की मामूच अर्थ सांगत. शेवटचा भाग संपायला दोन वर्षे लागली.

गेल्या हिवाळ्यात तो संपला. तिलिस्म मोडला. चाळीस वर्षे मनात राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तरी आनंदापेक्षा पोकळी जास्त जाणवली. आता रविवारी मामूंकडे काय घेऊन जायचे? मामू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बेटा, तेरे बाद कौन पढेगा?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या दोन्ही घरांतली मुले मराठी आणि इंग्रजी शाळेत जातात. ती हुशार आहेत, हॅरी पॉटरचे सातही भाग त्यांना पाठ आहेत. पण मामूंच्या पेटीतली ती पुस्तके त्यांच्यासाठी नुसती नक्षी आहे. दास्तान संपली याचे मला दुःख झाले होते. पण ती वाचणारे डोळेच संपणे हे वेगळे, आणि ते थांबवणे अजून आपल्या हातात आहे.

मामूंनी पेटी माझ्या स्वाधीन केली. नववीतल्या मुलीला मी पहिल्या भागाची गोष्ट रोज थोडी थोडी मराठीत सांगू लागले. अमर अय्यार जादूगारांच्या तावडीत सापडला, तिथे थांबले. ती चिडली, “अम्मी, पुढे काय?” मी पुस्तक तिच्यापुढे ठेवले. रात्री जेवणानंतर वीस मिनिटे आम्ही अलिफ, बे घेऊन बसतो. सध्या आम्ही सीन-शीनपाशी आहोत. दर रविवारी ती फोनवरून मामूंना नवा धडा वाचून दाखवते, आणि ते तिचे उच्चार सुधारतात.