पोचपावती

अंगानं ती जेमतेम एका पानाची. वरच्या कोपऱ्यात कर-निर्धारण वर्ष, खाली नाव, पॅन आणि पत्ता, मग पंधरा आकडी पावती क्रमांक. मधल्या चौकटीत एकूण उत्पन्न, कर आणि परतावा. रिटर्न कोणत्या तारखेला, कोणत्या आयपी पत्त्यावरून भरलं, तेही ती नोंदवून ठेवते. तळाशी ठळक अक्षरांत ताकीद असते, ही पावती आयकर खात्याच्या बंगळुरूच्या केंद्राकडे पाठवू नये. आयकर विवरणपत्राची ही पोचपावती. घरात तिला कुणी या नावानं ओळखत नाही. सगळे 'रिटर्नची कॉपी' म्हणतात, आणि तीही बँकेनं मागितली तरच.

तिची बोलण्याची एक तऱ्हा आहे. ती वर्ष पुढचं सांगते. २०२१-२२ ची कमाई असेल, तर तिच्या माथ्यावर २०२२-२३ लिहिलेलं असतं. 'तीन वर्षांची रिटर्न आणा' असं ऐकून गेलेली कितीतरी माणसं या एका वर्षाच्या फरकामुळे चुकीचे कागद घेऊन जातात आणि परत येतात. २०२५ च्या आयकर कायद्यानं १ एप्रिल २०२६ पासून 'कर वर्ष' आणलं आणि हा घोळ पुढच्यांपुरता मिटला. जुन्या पावत्या मात्र जुन्याच रीतीनं बोलत राहणार.

एके काळी ती शिक्क्याची होती. ३१ जुलै जवळ आला की मुंबईत महर्षी कर्वे मार्गावरच्या आयकर भवनासारख्या कार्यालयांत रांगा लागत. खिडकीत 'सरल' फॉर्म द्यायचा आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेऊन घरी यायचं. पुढे रिटर्न संगणकावर गेलं, तेव्हा ती आयटीआर-व्ही, म्हणजे पडताळणीचा फॉर्म, झाली. तिच्यावर निळ्या शाईनं सही करून ती साध्या टपालानं किंवा स्पीड पोस्टानं बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवावी लागे. कुरिअर चालत नसे. आता बहुतेकांची ही पडताळणी आधारच्या ओटीपीवर होते. पण रिटर्न भरून पडताळणी राहिली, तर हातातला कागद अपुराच. १ ऑगस्ट २०२२ पासून त्या पडताळणीला ३० दिवसांची मुदत आहे. ती न झालेलं रिटर्न कायद्याच्या लेखी भरलेलंच नसतं.

पगारदाराला तिची फारशी गरज भासत नाही. त्याच्याजवळ फॉर्म १६ असतो, पगाराची स्लिप असते, कंपनीचं पत्र असतं. पण मेस चालवणारी बाई, टेम्पोवाला, शिंपी, इलेक्ट्रिशियन यांना 'तू किती कमावतोस' हे लिहून देणारं कोण आहे? यांच्यासाठी ती जामिनासारखी उभी राहते. गृहकर्जाच्या टेबलापाशी, व्हिसाच्या अर्जात, सरकारी टेंडरमध्ये तिचंच म्हणणं ग्राह्य धरलं जातं. कर शून्य निघाला असला तरी उत्पन्नाचा आकडा तिच्याकडे असतोच. मात्र कर्ज हवं म्हणून तीन वर्षांच्या पावत्या एका दिवसात जन्माला येत नाहीत.

तिचं खरं मोल घरातला कमावता माणूस गेल्यावर कळतं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा हिशेब वार्षिक उत्पन्नापासून सुरू होतो. मृताचा स्वतःवरचा खर्च वजा करतात आणि उरलेल्या रकमेला वयानुसार गुणक लावतात. सरला वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली घालून दिलेल्या तक्त्यात ३६ ते ४० वयासाठी हा गुणक १५ आहे. म्हणजे उत्पन्नात सिद्ध न झालेला प्रत्येक रुपया त्या कुटुंबाला पंधरापटीच्या हिशेबात महाग पडतो. रिटर्न नसेल, तर किमान वेतनासारख्या अंदाजावर भागवावं लागतं आणि आयुष्यभर राबलेल्या माणसाची किंमत कमी लागते. हा अन्याय एक पान टाळू शकतं.

स्वभावानं ती गुप्तता पाळणारी आहे. गिरीश देशपांडे प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की आयकर रिटर्न ही वैयक्तिक माहिती आहे. व्यापक जनहित दाखवल्याशिवाय माहिती अधिकारात ती दुसऱ्याला मिळणार नाही. परक्याला ती दाद देत नाही, मालकाला मात्र विनामूल्य भेटते. आयकराच्या पोर्टलवर 'ई-फाइल'मध्ये 'व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स' उघडलं की संगणकावरून भरलेली मागची रिटर्न वर्षवार दिसतात. तिथून पावती आणि पूर्ण फॉर्म, दोन्ही उतरवून घ्यावेत, कारण बँक दोन्ही मागते. 'कॉम्प्युटेशन', म्हणजे उत्पन्न आणि कराचा हिशेब, आणि ताळेबंद सीएनं केलेले असतात. ते त्याच्याकडूनच मागून घ्यावे लागतात. कागदी जमान्यातल्या रिटर्नसाठी आपला पॅन ज्या आयकर अधिकाऱ्याच्या कार्यक्षेत्रात येतो, त्याच्याकडे लेखी अर्ज करावा. फाइल सापडेलच असं नाही. माणूस हयात नसेल, तर वारसानं मृत्यूचा दाखला आणि वारसा हक्काचा पुरावा जोडून पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करावी.

तिची खरी अडचण वेगळीच आहे. अनेक घरांत तिची किल्ली दुसऱ्याच्या हाती असते. खातं उघडताना सल्लागारानं सोयीसाठी स्वतःचा मोबाइल आणि ईमेल घातलेला असतो, पासवर्डही त्यालाच ठाऊक. तो माणूस गाव सोडतो, व्यवसाय बंद करतो किंवा फोन उचलत नाही, आणि आपल्याच कमाईच्या कागदासाठी आपण त्याच्या दारात उभे राहतो. सल्लागार जरूर ठेवावा, पण ओटीपी आपल्याच फोनवर यायला हवा.

म्हणून सांगणं इतकंच. या आठवड्यात पोर्टलवर स्वतः जा, मोबाइल आणि ईमेल आपला आहे का पाहा, नसेल तर बदलून घ्या. मिळतील तितक्या वर्षांच्या पावत्या आणि फॉर्म उतरवा, छापून एका फाइलीत लावा आणि ती फाइल कुठं ठेवली आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.