पालक आणि पाळक

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. शब्द हाती आला की तो नाण्यासारखा वाजवून पाहिल्याशिवाय त्याला पुढे जाववत नाही. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना मी 'ल' आणि 'ळ' यांच्या जोड्या देतो. काल आणि काळ, वेल आणि वेळ, माल आणि माळ, गाल आणि गाळ. मुले हसतात आणि विसरतात. या जोड्यांतली सर्वांत मोलाची जोडी मात्र मला कोणत्याही व्याकरणात सापडली नाही. ती जालन्यात सापडली. पालक आणि पाळक. (भाजीचा पालक तेवढा कृपा करून बाजूला ठेवावा.) पालक म्हणजे आईबाप. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा धर्मगुरू, मेंढपाळ जसा कळप सांभाळतो तसा माणसे सांभाळणारा. आपल्या घरांतून हा दुसरा शब्द सहसा ऐकू येत नाही. जालन्याला नोकरीनिमित्त आलो नसतो, तर मलाही तो पुस्तकातच भेटला असता.

'जालना, सोने का पालना' अशी इथे जुनी म्हण आहे. हा 'पालना' म्हणजे आपला पाळणाच. तिथेही ल आणि ळ यांची अदलाबदल आहेच. गावातले सोने कुठे गेले ते ठाऊक नाही. बियाणांच्या कंपन्या आहेत, लोखंडाच्या सळयांचे कारखाने आहेत, मोसंबीच्या बागा आहेत आणि ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी टँकर आहेत. या पाळण्यातली मुले मोठी होतात ती पोलीसभरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावत, नाहीतर पुणे-संभाजीनगरच्या गाडीत बसून.

अशा मुलांचे काम पाहणारे एक पाळक दांपत्य माझ्या परिचयाचे आहे. नावे सांगत नाही. त्यांना आवडणार नाही. ते पस्तिशीचे, बाई त्यांच्याहून दोनतीन वर्षांनी लहान. मंडळीतली वडीलधारी माणसे त्यांना पाळकसाहेब आणि पाळकीणबाई म्हणतात, आणि तरुण मुले म्हणतात दादा आणि ताई. नवराबायकोला एका दमात दादा आणि ताई म्हणणे कोणत्याच नात्यात बसत नाही, पण मुलांनी तसे म्हणायचे ठरवले आहे आणि त्या दोघांनीही ते मुकाट्याने मान्य केले आहे. रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे तरुण संघ भरतो. दादा पवित्र शास्त्रातला एखादा उतारा समजावतात, मग भजने होतात, पेटी, तबला, अलीकडे एक गिटारही. हे झाले कार्यक्रमपत्रिकेतले. खरे काम त्यानंतर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चालते. परिचारिकेचे शिक्षण घेणारी एखादी मुलगी तिथे ताईंबरोबर शेंगा सोलत बसते आणि शेंगा संपेपर्यंत बोलत नाही. शेंगा संपल्या की रडते. भरतीत अर्ध्या सेंटिमीटरने हुकलेला एखादा मुलगा रात्री अकराला फोन करतो. दसरा उलटला की ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रक भरू लागतात; तेव्हा मागे राहणाऱ्या शाळकरी मुलांपैकी कोण कोणाकडे जेवणार, याची यादी ताईंच्या पंचांगामागे लिहिलेली असते. होय, पंचांगच. भिंतीवरचे कॅलेंडर कोणत्या दुकानाने दिले आहे याला त्या घरात महत्त्व नाही.

आता जे सांगायचे ते सांगतो. माझा एक विद्यार्थी तबला चांगला वाजवतो. तो जन्माने हिंदू. त्याचा एक मित्र तरुण संघात जाई, त्याच्या मागे हाही जाऊ लागला. महिनाभरात त्याचे वडील माझ्या दारात. मोंढ्यात एका अडत दुकानावर ते मुनीम आहेत; उभ्या आयुष्यात त्यांनी हिशेबात चूक केलेली नाही. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "सर, पोरगं हातचं जाईल हो. तुम्ही त्याला सांगा. तुमचं ऐकतो तो."

मी त्यांना हसण्यावारी नेऊ शकलो असतो. सुशिक्षित माणसे तसे करतात. पण मलाही एक मुलगी आहे, आणि त्यांची भीती काही हवेतून आलेली नव्हती. या भीतीला पावणेदोनशे वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा याच जालन्यात येऊन पोचतो.

१८४३ सालची गोष्ट. मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद, वय सुमारे बारा, तोही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. कोर्टाने मुलगा अजाण ठरवून वडिलांच्या हवाली केला. पालक जिंकले, पाळक हरले. पण श्रीपादाची खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. मुलगा परत तर आणला. आता त्याला पंक्तीला बसवायचे की नाही? ज्यांनी त्याच्यासाठी एवढा गहजब केला, त्यांच्यातलेच कितीतरी जण प्रायश्चित्ताने तो शुद्ध होऊ शकतो हे मानायला तयार होईनात. त्या वेळी बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले, त्याला परत जातीत घेण्यासाठी त्यांनी पुढाकार घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. वृत्तपत्रांच्या इतिहासात 'दर्पण'कार म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. मला ते या एका धैर्यासाठी अधिक मोठे वाटतात. बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मी कोर्टाच्या बाजूचा आहे, हेही सांगून टाकतो. त्या वयाच्या मुलाकडून जन्माचा निर्णय घेऊ नये. मग तो मागणारा देवाच्या नावाने मागत असला तरी.

थोरला भाऊ नारायण पुढे १८५४ साली पाळक झाला आणि १८६० नंतरच्या दशकात निजामाच्या राज्यातल्या जालन्यात येऊन राहिला. शेषाद्रींनी काम केले ते मुख्यतः मांग आणि महार वस्त्यांतून. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले. बेथेल म्हणजे देवाचे घर. १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत हा पागोटेवाला मराठी माणूस बोलायला उभा राहिला होता. १८९१ साली तो वारला. ज्याच्या धाकट्या भावाला दोन्हीकडून ओढले गेले, त्याने पुढे आयुष्यभर दुसऱ्यांची लेकरे सांभाळली. याचा अर्थ काय लावायचा तो ज्याने त्याने लावावा. मी मात्र मुनीमजींना ही गोष्ट सांगितली नाही. त्यांचे निम्मे काळीज तिथेच फाटले असते.

मी पाळकांकडे गेलो. रविवार होता, भजन चालू होते आणि शब्द ओळखीचे वाटले. 'उपासना संगीत' हे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे गीतपुस्तक. त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कितीतरी पदे आहेत. वर्गात मी ज्यांच्या निसर्गकविता शिकवतो तेच टिळक इथे तबल्यावर गायिले जात होते, आणि ठेका माझा विद्यार्थी धरत होता. त्याने मला पाहिले आणि त्याची एक मात्रा हुकली.

भजन संपल्यावर मी आडपडदा न ठेवता विचारले, "उद्या हा मुलगा बाप्तिस्मा मागायला आला, तर काय कराल?"

दादा बराच वेळ बोलले नाहीत. ताई म्हणाल्या, "मी म्हणेन, आधी शिक्षण पुरं कर, पोटापाण्याला लाग, आणि सगळ्यांत आधी आईला सांगून ये."

"मी एवढं नाही म्हणू शकत, सर," दादा म्हणाले. "देवानं कुणाला बोलावलं, तर मी मध्ये कोण?"

"बोलावणारा थांबेल की. त्याला काय घाई आहे?" ताई म्हणाल्या, आणि चहाचे आधण ठेवायला उठल्या.

नवराबायकोत हा मतभेद नवा नसावा. दोघांच्याही आवाजात त्याची सवय होती. मला राहून राहून वाटले, हे मी कुठेतरी वाचले आहे. अर्थात 'स्मृतिचित्रे'!

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला मागे ठेवून. त्या वेळी लक्ष्मीबाईंवर काय कोसळले, हे ज्यांनी ते पुस्तक वाचले आहे त्यांना सांगायला नको. पुढे त्या टिळकांकडे आल्या त्या आपले सोवळेओवळे बरोबर घेऊन. टिळकांनी ते पाळू दिले. हा माणूस एरवी एका क्षणात संसार उधळून देणारा, पण इथे त्याने वाट पाहिली. लक्ष्मीबाईंचे सोवळे एकेक करून आपोआप गळत गेले, आणि १९०० साली त्यांनी आपणहून बाप्तिस्मा घेतला. ज्या बाईला स्वतःलाच असे तोडले गेले होते, तिने पुढे नगरला घराचे दार कुणासाठी लावलेच नाही. अनाथ मुले आली, विद्यार्थी आले, आणि एक दिवस त्र्यंबक बापूजी ठोंबरे आले.

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी तिथे सतरा वर्षांच्या ठोंबऱ्यांना 'बालकवी' म्हटले, आणि टिळकांनी त्यांना पुढे आपल्या घरी नगरला नेले. हळवा, क्षणात हसणारा, क्षणात रुसणारा मुलगा. कविता टिळकांशी, रुसणे-फुगणे लक्ष्मीबाईंपाशी. जगाच्या दृष्टीने हे मिशनऱ्याचे घर. सावज आयते पंखाखाली, तेही गुणी, गरीब, कोवळ्या वयाचे. आणि बालकवी त्या घरात राहिले, जेवले, मिशनच्या शाळेत शिकवले आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिले. त्यावरून त्यांना कुणी कमी लेखले नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, तेव्हा टिळकांच्या घरातला मुलगाच गेला. आदल्याच वर्षी टिळकांनी 'देवाचा दरबार' सुरू केला होता. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. मला वाटते, ही कल्पना टिळकांना बायबलातून सुचली असेल तितकीच ती लक्ष्मीबाईंच्या पंगतीवरूनही सुचली असेल. याला पुरावा नाही. मराठीच्या मास्तराचा तर्क म्हणून सोडून द्यावा.

दुसऱ्या दिवशी मी मुनीमजींना एवढेच सांगितले की, मुलाला अडवण्याआधी तुम्ही स्वतः एकदा तिथे जाऊन बसा. ते माझ्यावर रागावले. पंधरवडा गेला. मग एका रविवारी ते गेले, आणि मलाही ओढून घेऊन गेले; एकट्याने जायचा धीर नव्हता. पादत्राणे काढून ते दाराजवळच बसले, भिंतीला पाठ न टेकता. ताईंनी पहिल्यांदा त्यांना विचारले ते देवाधर्माचे नव्हते.

"काका, हा घरी सांगून येतो ना? मी दर वेळी विचारते, तो 'हो' म्हणतो. पण मला वाटतं, खोटं बोलतो."

"खोटंच बोलतो," मुनीमजी म्हणाले. तबल्यामागे मुलाची मान खाली गेली.

"मग पुढच्या रविवारी सांगून ये, नाहीतर येऊ नकोस," ताई त्याला म्हणाल्या. दादांनी एकदा बायकोकडे पाहिले आणि पेटीचा भाता उघडला.

चहा आला. मुनीमजींनी कप हातात धरला. थोडा वेळ नुसताच धरला. भजनाचा पहिला चरण संपेपर्यंत त्यावर साय धरली होती. मग ती बोटाने बाजूला सारून त्यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे झुकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "साखर जरा जास्तच घालतात."