पट्टा आणि परवाना

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत जमिनीचा कागद देवघरातील टाकांइतकाच जपला जातो. असा कागद ज्यांच्यापाशी कधीच नव्हता, त्या वनात राहणाऱ्यांसाठी २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत आलेल्या वनजमिनीवर कुटुंबास कमाल ४ हेक्टरांपर्यंत हक्क मिळू लागला. पट्टा दिला की काम संपले, अशी समजूत कचेऱ्यांतून रूढ झाली.

परंतु याच कायद्याने गावाला आपल्या सामूहिक वनाचे रक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचाही अधिकार दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावास तो २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर मिळाला. तरी बांबू-वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले, ते एप्रिल २०११ मध्ये.

शासकीय सेवेत शिक्क्याचे सामर्थ्य आम्ही जवळून पाहिले आहे. हक्क कागदावर असतो. सत्ता मात्र शिक्का ज्याच्या हाती, त्याची. आणि पुढील वर्षीही ज्याला त्याच बेटातून बांबू न्यावयाचा आहे, तो कोवळा कोंब सहसा तोडीत नाही.

निस्तारपत्रके, जुने नकाशे, गावातील वृद्धांचे जबाब हे पुरावे सामूहिक दाव्यास चालतात. ते कोणत्या दप्तरात सापडतील, हे आम्हा निवृत्तांइतके कोणास ठाऊक असणार? जवळच्या एखाद्या ग्रामसभेसाठी ते शोधून द्यावेत, एवढे तरी आपल्या हाती खचितच आहे.