कुलपाआधी खांब

दुकानात कुलूप घ्यायला आलेला माणूस ते आधी तळहातावर तोलून बघतो. जड लागलं की त्याचं समाधान होतं. मी त्याला विचारतो, सायकल कशाला बांधणार? बऱ्याच जणांना हा प्रश्न नवा असतो. कुलूप सायकलला लावायचं, एवढंच त्यांना माहीत असतं. सायकल कशाला तरी जखडायची, हे मनात आलेलं नसतं.

याचं कारण आपल्या जुन्या काळ्या सायकली. त्यांच्या मागच्या चाकावर अर्धगोल कुलूप बसवलेलं असायचं, अजूनही असतं. खिट्टी ओढली की कडी स्पोकमधून आरपार जाते, चाक अडतं, किल्ली खिशात येते. सायकल कुणाला चालवू न देणं, एवढंच त्या कुलपाचं काम. मागचं चाक अधांतरी धरून पुढच्या चाकावर ती ढकलत नेता येते, आणि टेम्पो असेल तर तेवढेही कष्ट नकोत. तरी ते काढून टाका असं मी कुणाला सांगत नाही. वाण्याकडे दोन मिनिटं थांबायचं असेल तर त्याच्याइतकं झटपट दुसरं काही नाही. नेदरलँड्समध्ये आजही रोजच्या वापराच्या सायकलींना असंच कुलूप असतं. त्याच कुलपात साखळीचं टोक अडकवून ते लोक सायकल खांबालाही बांधतात.

निवड सुरू करावी ती खांबापासून. ज्याला सायकल बांधायची ती वस्तू आधी हातानं हलवून बघावी. पाटीचा खांब बुटका असेल तर सायकल कुलपासकट वर उचलून बाहेर काढता येते. जाळीचं कुंपण पक्कडीनं तुटतं. रेलिंगचे जोड पुष्कळदा नुसते टाके मारून उभे केलेले असतात, जोरात लाथ बसली की निखळतात. झाडाला तर बांधूच नये. साखळीनं साल सोलली जाते, आणि कोवळं खोड करवतीनं कापणारा चोर सायकलीबरोबर झाडही घेऊन जातो. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सहसा बांधण्याजोगं काहीच नसतं. तिथल्या लोकांना मी सांगतो, कमिटीकडे अर्ज करा, फॅब्रिकेटरकडून जाड पाइपाची कमान करून घ्या आणि तिचे पाय काँक्रीटमध्ये गाडा. नुसत्या बोल्टवर बसवलेली कमान पान्यानं सुटते. कुलपावर पैसे घालण्याआधी या कमानीवर घाला, असं मी आग्रहानं सांगतो, त्या दिवशी माझं कुलूप विकलं गेलं नाही तरी चालेल.

मग धातूकडे वळायचं. काउंटरवर माझी एक जुनी त्रिकोणी कानस असते. साखळीचं कापडी आवरण सरकवायचं आणि एका कडीवर कानस फिरवायची. मऊ लोखंडात ती रुतते, चकचकीत ओरखडा उमटतो, खाली कीस सांडतो. नीट पाणी दिलेल्या पोलादावरून ती नुसती घसरते, काचेवरून फिरवावी तशी. गिऱ्हाइकानं हे स्वतःच्या हातानं करावं असा माझा हट्ट असतो. एकदा तो फरक मनगटाला कळला की वेष्टनावरची मोठी अक्षरं आपोआप मागे पडतात.

केबल लॉक या कसोटीपर्यंत पोचतच नाही. त्याची जाडी मुख्यतः प्लॅस्टिकची. आत बारीक तारांचा पीळ, आणि तो कटरला फारसा विरोध करत नाही. पुढचं चाक किंवा सीट सांभाळायला जोडीचं म्हणून केबल ठीक, एकटी मात्र नको. साखळी घ्यायची तर चौकोनी किंवा षट्कोनी कड्यांची घ्यावी, आणि ती जमिनीवर लोळू देऊ नये. जमिनीवरच्या साखळीवर चोराला कटरचा एक दांडा खाली टेकवून दुसऱ्यावर सगळं अंग टाकता येतं. साखळी कमरेच्या उंचीवर असेल तर त्याला तेच काम नुसत्या हातांच्या जोरावर करावं लागतं.

तेरा-चौदा मिलिमीटर जाडीच्या कडक यू-लॉकपुढे हाताचा कटर सहसा हरतो. म्हणून चोर यूच्या पोटात जॅक घालून तो फाकवायला बघतो. यावर उपाय सोपा आहे, लहान यू. फ्रेम, मागचं चाक आणि खांब आत गेल्यावर जॅकला जागाच उरता कामा नये. गिऱ्हाईक ऐसपैस कुलूप मागतं, कारण ते लावायला सोपं; मी लहान काढून देतो. आणखी एक बघावं, कडीची दोन्ही टोकं आडव्या दांड्यात वेगवेगळी अडकतात का. एकच टोक अडकत असेल तर एका कापात कडी फिरवून काढता येते. दोन्ही अडकत असतील तर दोनदा कापावी लागते.

बॅटरीवरचा ग्राइंडर आल्यापासून या सगळ्याचा अर्थ बदलला. कडक पोलादही त्याच्यापुढे मिनिट-दोन मिनिटं टिकतं. त्याची चकतीच झिजवून टाकतील अशी कुलपं अलीकडे परदेशात निघाली आहेत, पण ती फार महाग. बाकी कुठलंही कुलूप घेतलं तरी आपण विकत घेतो तो थोडा वेळ आणि पुष्कळ आवाज. तो आवाज ऐकायला कुणी असेल अशीच जागा निवडावी. ब्रिटनमधली सोल्ड सिक्युअर ही संस्था कुलपं खऱ्या हत्यारांनी फोडून बघते आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असे दर्जे देते. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त कुलपांवर असा शिक्का नसतो; म्हणून कानस.

किल्लीच्या बाजूनंही कुलूप फुटतं. २००४ साली अमेरिकेत क्रिप्टोनाइटची नामांकित यू-लॉकं साध्या बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या नळीनं उघडतात हे जगजाहीर झालं. दोष पोलादात नव्हता, गोल नळीसारख्या किल्लीच्या यंत्रणेत होता. कंपनीला कुलपं बदलून द्यावी लागली. तेव्हापासून चांगल्या कुलपात सपाट किल्ली आणि आत फिरत्या चकत्या असणं अधिक बरं मानतात. ही चकत्यांची रचना फिनलंडमध्ये एमिल हेन्रिक्सननं १९०७ साली शोधली होती. आकड्यांची स्वस्त कुलपं मी ठेवत नाही, कारण दांडा ताणून धरला की त्यातल्या कित्येकांचे आकडे बोटांना कळतात.

आता माझ्या मनाला सर्वांत लागलेली गोष्ट. सायकलच्या किमतीचा दहावा भाग कुलपावर घालावा, असा हिशेब पुष्कळ जण सांगतात. तो मला अजिबात पटत नाही. जवळच्या इमारतीवर रात्रपाळी करणारे एक काका जुनी सायकल घेऊन येतात. म्हणाले, "दादा, सायकलच तीन हजारांची. कुलपाला बाराशे कशाला घालू?" मी विचारलं, "काका, उद्या ती नसली तर ड्युटीवर कसे जाल?" पहाटे पाळी सुटते तेव्हा बस नसते, आणि रिक्षाचं रोजचं भाडं पगारातून निघत नाही. ज्यांची गिअरची सायकल ऐंशी हजारांची असते त्यांच्याकडे स्कूटर असते, मोटार असते. सायकल गेली तर त्यांचा रविवार जातो. काकांचं काम जातं. कायदाही काकांसारख्यांच्या बाबतीत सैल आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र धरली आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. ज्याची सायकल स्वस्त, त्याला चांगल्या कुलपाची गरज जास्त. काकांना मी ते हप्त्यानं दिलं, आणि असं हप्त्यानं देणं प्रत्येक सायकलवाल्यानं करावं असं मला वाटतं.

बांधायची रीत थोडक्यात सांगतो. कुलूप नेहमी फ्रेममधून जावं. नुसतं पुढचं चाक बांधलं तर चाक तिथेच राहतं आणि बाकीची सायकल जाते. टुलिओ काम्पान्योलोनं शर्यतींसाठी काढलेली क्विक रिलीजची खिट्टी आता साध्या सायकलींनाही येते, आणि तिनं चाक काही सेकंदांत हातात येतं. शहरातल्या सायकलला मी ती काढून नट बसवून देतो. पावसाळ्यात कुलपाचं किल्लीचं भोक खाली तोंड करून ठेवावं. कुलपात खोबरेल ओतू नये, त्यात धूळ बसून चिखल होतो. ग्राफाइटची कोरडी पूड घालावी.

आणि सायकल उलटी करावी. पेडलच्या आसाखाली, फ्रेमच्या बुडाशी बहुधा नंबर ठोकलेला असतो, कधी सीटच्या नळीवर असतो. तक्रार लिहून घेताना हाच नंबर विचारतात आणि तो कुणालाच आठवत नाही. पंक्चर काढायला आलेल्या सायकलचाही नंबर मी ओल्या फडक्यानं पुसून वाचतो, बिलावर लिहितो आणि मालकाला मोबाइलवर त्याचा फोटो काढायला लावतो.